सत्तर किलोमीटर कच्चा रस्ता वाचवण्यासाठी

नामिबियाची सहल आखणाऱ्या मराठी कुटुंबांत एक वाद हमखास होतो आणि तो बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर अडतो: सोसुसफ्लेच्या लाल वाळूच्या टेकड्या बघून झाल्यावर समुद्रकाठच्या स्वाकोपमुंडला जायचं कसं? इथे मांडलेलं कुटुंब मी असा वाद घालणाऱ्या बऱ्याच जणांवरून बेतलं आहे. रस्ते, घाट, अंतरं आणि धुकं मात्र खरं आहे.

पुण्याचे दोघे भाऊ, वहिनी आणि 72 वर्षांच्या आई. आईंना मणक्याचं जुनं दुखणं. ऑगस्ट महिना, म्हणजे तिकडचा कोरडा हिवाळा. राजधानी विंडहूकहून भाड्याने घेतलेली डबल कॅब हायलक्स पिकअप, फोर-बाय-फोर, दोन स्टेपन्या. थोरला भाऊ मुख्य चालक, धाकटा अधूनमधून हात देणार. तिकडे वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे पहिल्याच दिवशी हात बसतो. हा दिलासा जरा फसवाच आहे, कारण हात बसला तरी रस्ता आपल्या सवयीचा नसतो.

नामिबिया महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि लोकसंख्या अवघी 30 लाख. सुमारे 48 हजार किलोमीटरच्या रस्त्यांतले डांबरी जेमतेम 8 हजारांच्या आसपास. बाकी बहुतेक खडी, मुरूम, वाळू आणि किनाऱ्याजवळ मीठ. म्हणून ‘कच्चा रस्ता’ म्हटल्यावर शेतातली बैलगाडीची वाट डोळ्यांपुढे आणू नये. इथला ‘सी’ दर्जाचा खडीचा रस्ता दोन ट्रक आरामात जातील एवढा रुंद असतो, त्यावरून ग्रेडर (रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र) फिरतो, आणि कायद्याने ताशी 100 पर्यंत वेगाची मुभा असते. डांबरीवर ती 120 आहे. गाडी भाड्याने देणारे बरेच जण मात्र करारात खडीवर 80 चीच मर्यादा घालतात आणि गाडीत बसवलेल्या यंत्रातून ती तपासतात. सरकारपेक्षा गाडीचा मालक कडक असेल, तर त्याला उलटलेल्या गाड्यांचा अनुभव जास्त आहे असं खुशाल समजावं.

कुटुंबाचा मूळ बेत असा होता: सोसुसफ्लेचं प्रवेशद्वार असलेल्या सेस्रीमच्या फाटकाच्या आत मुक्काम, पहाटे सोसुसफ्ले, अकरा-साडेअकरापर्यंत सेस्रीमला परत आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत स्वाकोपमुंड. तिथे तीन रात्रींचं आरक्षण.

वाद पेटला तो आईंच्या पाठीवरून. थोरल्याचं म्हणणं, "आईला घेऊन साडेतीनशे किलोमीटर खडीवर कशाला? वाट वाकडी झाली तरी चालेल, डांबरीने जाऊ." धाकट्याचं म्हणणं उलट: "दादा, अरे इतक्या लांब आलो ते हायवे बघायला का?" त्याच्या फोनवरच्या नकाशाने तर तिसरीच वाट सुचवली होती, नामिब-नाउक्लुफ्ट उद्यानाच्या पोटातून जाणारी, दिसायला जवळची. वहिनींनी दोघांना मध्येच थांबवून एकच विचारलं, अंधार पडायच्या आत कोणत्या रस्त्याने पोचू? माझ्या मते त्या दिवशी विचारलेला कामाचा प्रश्न तेवढा एकच होता.

आधी तिन्ही वाटा बघू.

सरळ वाट सेस्रीमहून सॉलिटेअर, तिथून गाउब आणि कुइसेब हे दोन घाट, मग वॉल्व्हिस बे आणि किनाऱ्याने स्वाकोपमुंड. सेस्रीम ते सॉलिटेअर 83 किलोमीटर, तिथून वॉल्व्हिस बे साधारण 230, आणि पुढे पस्तीसेक. एकूण 350. त्यात खडीचा भाग तीनशेच्या आसपास. वॉल्व्हिस बेच्या विमानतळापासून पुढे डांबर आहे.

डांबरी वाट म्हणजे आधी विंडहूकला परत, तिथून ओकाहांजा, आणि पुढे बी-टू महामार्गाने कारिबिब, उसाकोस, आरांडिस करत स्वाकोपमुंड. विंडहूक ते स्वाकोपमुंड 360 किलोमीटर, सगळं डांबर. पण सेस्रीमहून विंडहूकला जायचं तरी कसं? पुन्हा सॉलिटेअरजवळून, स्प्रीट्सहोख्ते किंवा रेमहोख्ते घाट चढून, रेहोबोथपर्यंत खडीवरूनच. तो भाग साधारण 230 किलोमीटरचा. रेहोबोथ ते विंडहूक तेवढं डांबर.

म्हणजे डांबरी म्हणवणारी वाट जवळजवळ 680 किलोमीटरची, आणि तिच्यातही 230 किलोमीटर खडी आहेच. सत्तर किलोमीटर कच्चा रस्ता वाचवण्यासाठी सव्वातीनशे किलोमीटरचा जादा प्रवास. वर घाटही जास्त अवघड: स्प्रीट्सहोख्तेचा चढ देशातल्या सर्वांत तीव्र चढांपैकी, मागे ट्रेलर जोडलेल्या गाड्यांना तिथे बंदीच आहे. कागदावर हा हिशेब मांडला की थोरल्याच्या प्रस्तावातली हवा बरीचशी निघते. खडीवरून जायचं की नाही हा निर्णय सेस्रीमचं आरक्षण करताना, पुण्यातच होऊन गेलेला असतो. विमान सोडलं तर सेस्रीमला कोणत्याही बाजूने यायचं म्हणजे खडी आलीच.

धाकट्याची वाट मी सर्वांत आधी बाद केली. त्या उद्यानातून जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना परवाना लागत नाही. आतल्या वाटांना लागतो. पण परवान्याहून मोठी अडचण माणसांची आहे. मुख्य रस्त्यावर गाडी बंद पडली तर तासाभरात कोणीतरी येतं, थांबतं, पाणी विचारतं. आतल्या वाटेवर दिवसभरात कोणी आलं नाही तरी नवल नाही, आणि मोबाइलला रेंज नसते. एकच गाडी, सोबत 72 वर्षांच्या बाई, अशा वेळी एकांत विकत घेऊ नये. शिवाय फोनचा नकाशा किलोमीटर मोजतो; वाळू किती खोल आहे ते त्याला कळत नाही.

राहिल्या दोन. इथे मी थोरल्याला एक साधा प्रश्न विचारला असता: विंडहूकहून सेस्रीमला येताना आईंना काय झालं? त्या खडीवरूनच तर आल्या ना? उत्तर असं येतं की साठ-सत्तरला त्या गप्पा मारत होत्या, मग रस्ता मोकळा बघून थोरल्याने वेग 85 केला आणि दहा मिनिटांत त्यांनी पाठ धरली. एवढी माहिती हातात असताना डांबरी की कच्चा यावर भांडण्यात अर्थ नाही. पाठीला रस्त्यापेक्षा वेग जास्त झोंबला होता.

खडीच्या रस्त्यावर वेगाचा एक चमत्कारिक मोह असतो, तो नीट समजून घ्यायला हवा. कोरड्या रस्त्यावर चाकांच्या सततच्या ये-जा मुळे आडव्या लाटा उठतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. टोरंटो, केंब्रिज आणि लिऑनच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवलं की वाळूवर फिरणारं चाक एका किमान वेगाच्या वर गेलं की या लाटा उठतातच. त्यासाठी गाडीची स्प्रिंग असावी लागत नाही की इंजिन. तो किमान वेग इतका कमी आहे की सावकाश गाडी चालवून रस्ता सपाट ठेवता येईल अशी आशाच नको. मग चालक काय करतो? चाळीसला हाडं खिळखिळी होतात म्हणून वेग वाढवतो. सत्तर-ऐंशीला खडखड एकदम कमी होते, कारण आता चाक लाटेच्या माथ्यावरून माथ्यावर उड्या मारतं, मधल्या खोलगटात उतरतच नाही. गाडी तरंगल्यासारखी वाटते. आत बसलेल्यांना बरं वाटतं, आणि नेमकं त्याच वेळी टायरचा जमिनीशी संबंध निम्मा उरलेला असतो. पुढे वळण आलं, की स्टिअरिंग वळतं आणि गाडी सरळ जाते.

थांबण्याचा हिशेबही करून बघावा. कोरड्या डांबराची पकड (घर्षणाचा गुणांक) 0.7 आणि सुट्या खडीची 0.4 धरली, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत ताशी 80 ला डांबरावर 36 मीटर लागतात आणि खडीवर 63. खडीवर ते अंतर पुन्हा 36 वर आणायचं तर वेग साठला आणावा लागतो. म्हणून मी साठाचा आग्रह धरतो. हा आकडा भित्रेपणातून आलेला नाही. तीनशे किलोमीटर साठने पाच तास, ऐंशीने पावणेचार. वाचतात ते सव्वा तास. आईंच्या पाठीचा, टायरांचा आणि काचेवर उडणाऱ्या दगडांचा विचार केला तर हा सव्वा तास फार महाग पडतो.

परदेशी पाहुण्यांच्या गाड्या तिथे बऱ्याचदा दुसऱ्या कोणाला न धडकताच उलटतात. चाक कडेच्या भुसभुशीत खडीत जातं, चालक दचकून स्टिअरिंग ओढतो, पुढचं चाक रुततं आणि टपावर तंबू घेतलेली उंच गाडी कलंडते. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगला हिसका द्यायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलून गाडी सरळ जाऊ द्यायची आणि वेग उतरला की हळूच रस्त्यावर घ्यायची. वाळवंटात कडेला झाड नाही, दरी नाही. घाट सोडले तर सरळ गेल्याने बिघडत काही नाही. हे घरून निघण्याआधी तीनदा बोलून ठेवावं, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

आता वहिनींचा प्रश्न. ऑगस्टच्या सुरुवातीला तिकडे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातच्या आत मावळतो. सोसुसफ्लेहून साडेअकराला सेस्रीम, मग टायरमध्ये हवा भरणं, जेवण, सामान. साडेबाराच्या आधी हे लोक निघत नाहीत. थांबे धरून ताशी 55 पडले तर 350 किलोमीटरला सहा तास वीस मिनिटं. म्हणजे पोचायला पावणेसात वाजून जातात. बरं, दिशा कोणती? पश्चिम आणि वायव्य. शेवटचे दोन तास सूर्य थेट डोळ्यांत, समोरच्या गाडीची धूळ त्या उजेडात पेटलेली, आणि किनाऱ्याजवळ धुक्याची शक्यता. पहाटेपासून जागा असलेला चालक या सगळ्यात सर्वांत थकलेला असणार. थोडक्यात, सरळ वाट योग्य होती आणि तिच्यावर निघायची वेळ चुकीची.

डांबरी वाटेने तर त्या दिवशी पोचणं अशक्यच. विंडहूकला मुक्काम करावाच लागणार, दुसऱ्या दिवशी बी-टू. तो महामार्ग काही फुलांची शेज नाही. वॉल्व्हिस बे हे बंदर झांबिया, काँगो आणि बोट्स्वानाचा माल हाताळतं, आणि तो माल ट्रकांवरून याच रस्त्याने जातो-येतो. ओकाहांजाच्या पुढे रस्ता दोन पदरी, ट्रकांच्या रांगेला ओव्हरटेक करायचं म्हणजे समोरच्या पदरात शिरायचं. संध्याकाळी कुडू (मोठी हरणं) आणि रानडुकरं आडवी येतात. डांबरावर सगळे 120 ने जातात आणि चालकाला सुरक्षित वाटत असतं, त्यामुळे लक्ष ढिलं पडतं. खडीवर दुपारी साठने जाणारा माणूस डांबरावर संध्याकाळी एकशेवीसने जाणाऱ्यापेक्षा मला कधीही जास्त सुखरूप वाटतो. तरी बी-टूच्या बाजूने बोलायचं तर वाटेत गावं आहेत, पेट्रोल पंप आहेत, रेंज आहे, दवाखाना आहे. आईंची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असती तर हे पारडं जड झालं असतं. पण मग त्यांना सेस्रीमपर्यंत गाडीने आणायलाच नको होतं, छोट्या विमानाचा खर्च बरा.

दोन्ही वाटांना दोन दिवसच लागणार असतील तर दोन दिवसांत 350 किलोमीटर करावे की 680? इथे वाद मिटला. सोसुसफ्लेच्या दिवशी फक्त सॉलिटेअरपर्यंत, 83 किलोमीटर, दोन तासांत, उजेडात. तिथे मुक्काम. स्वाकोपमुंडची एक रात्र कमी करायची. थोरल्याने त्या रात्रीचे पैसे परत मिळणार नाहीत हे दोनदा ऐकवलं. "अरे, पैशांचं मी बघते," असं आई म्हणाल्या आणि विषय संपला.

पुढची सगळी तयारी हवेभोवती फिरते. सोसुसफ्लेचा साठ किलोमीटर रस्ता गंमत म्हणजे डांबरी आहे, आणि शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळू. वाळूत शिरताना टायरमधली हवा 17-18 पीएसआयपर्यंत उतरवतात, टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. पण त्याच मऊ टायरांवर डांबर किंवा खडी धरली तर टायरची बाजू तापते, चिरते. म्हणून वाळूतून बाहेर पडल्यावर छोट्या कॉम्प्रेसरने हवा चढवायची, आणि सेस्रीमच्या पंपावर पुन्हा मोजून खडीसाठी 27-29 करायची. पूर्ण कडक टायर दगडावर आपटून फुटतो, मऊ टायर बाजूने कापला जातो. मधला आकडा धरायचा. सामान जड असेल तर गाडी देणाऱ्याने सांगितलेला आकडा खरा मानावा. त्याच पंपावर टाकी भरायची. सॉलिटेअरला पुन्हा, अर्धी भरलेली असली तरी. तिथून वॉल्व्हिस बेपर्यंत पंप नाही.

सॉलिटेअर हे गाव म्हणावं तर गाव नाही: पंप, बेकरी, पंक्चरवाला, राहायची सोय आणि वाळूत रुतून गंजलेल्या जुन्या मोटारी. अ‍ॅपल पायसाठी प्रसिद्ध. पंक्चरवाला आहे ही माझ्या दृष्टीने पायपेक्षा मोठी गोष्ट, कारण 83 किलोमीटरात एखादी स्टेपनी खर्ची पडली असेल तर ती पुढच्या 230 आधी दुरुस्त होते.

दुसऱ्या दिवशी आठला निघायचं, सूर्य पाठीशी. आई पुढच्या सीटवर, कमरेमागे लोड; पिकअपची मागची सीट ताठ असते आणि मागे कमानपाटे असल्याने हादरे तिकडे जास्त. फोर-बाय-फोर हाय गिअरमध्ये, दिवे दिवसाही लावलेले, म्हणजे धुळीतून समोरच्याला आपण दिसतो. पुढच्या गाडीची धूळ बसेपर्यंत ओव्हरटेक नाही. दर पाऊण तासाने उतरून पाय मोकळे करायचे. पहिला थांबा आपोआप ठरतो, मकरवृत्ताच्या पाटीपाशी फोटोसाठी सगळेच थांबतात. मग गाउब, मग कुइसेब. या नदीत पाणी क्वचितच असतं, पण अधूनमधून येणारे पूर उत्तरेकडे सरकणारी वाळू धुऊन नेतात. म्हणून नदीच्या दक्षिणेला लाल वाळूचा समुद्र आणि उत्तरेला करडं खडीचं सपाट मैदान, अशी सीमा आखलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात हेन्नो मार्टिन आणि हर्मन कॉर्न हे दोन जर्मन भूवैज्ञानिक स्थानबद्धता टाळायला याच दऱ्यांत कुत्र्यासह अडीच वर्षं लपून राहिले होते. घाट उतरताना खालचा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. वळणं आंधळी आहेत, खडी सुटी आहे.

कुइसेबनंतरची सपाटी खरी परीक्षा घेते. सव्वाशे किलोमीटर जवळजवळ सरळ, बघायला काही नाही, वेग आपोआप चढतो. इथे धाकट्याने चालवावं आणि वहिनींनी काट्यावर नजर ठेवावी असं ठरलं. रस्त्याशेजारी समांतर, गुळगुळीत दिसणाऱ्या चाकोऱ्या असतात. तिकडे उतरायचं नाही. वरचा जिप्समचा पातळ पापुद्रा आणि त्यावरचं दगडफूल एकदा चाकाखाली गेलं की ती चाकोरी दशकानुदशकं तशीच राहते, कारण बुजवायला पाऊसच नाही. दुपारी एक-दीडपर्यंत वॉल्व्हिस बे येतं. सकाळचं धुकं तोवर बहुधा विरलेलं असतं.

हेच कुटुंब फेब्रुवारीत गेलं असतं तर मी कुइसेब आणि गाउबच्या पाण्याची चौकशी आदल्या संध्याकाळी करायला सांगितली असती, आणि पाणी असेल तर सरळ विंडहूक. साधी सेडान असती तरी वाट हीच ठेवली असती, वेग आणखी दहाने कमी.

स्वाकोपमुंडला पोचल्यावर नवा वाद तयार होता. धाकट्याला केप क्रॉसची सील प्राण्यांची वसाहत बघायची होती, जिथे 1486 मध्ये दियोगो काँव या पोर्तुगीज दर्यावर्दीने दगडी क्रूस उभारला. थोरल्याने लगेच विचारलं, रस्ता डांबरी का? हेंटीस बेच्या पुढचा तो रस्ता मिठाचा आहे: जिप्समची माती खाऱ्या पाण्यात कालवून दाबून बसवलेली, टायरांच्या रबराने काळी पडलेली, दिसायला हुबेहूब डांबर. कोरडा असताना खडीपेक्षा सुखाचा, पन्हाळी जवळपास नाहीच, आईंना तर उत्तम. पण बेंग्वेला प्रवाहाच्या गार पाण्यावरून येणारं धुकं त्यावर बसलं की साबणासारखा निसरडा होतो, आणि डोळ्यांना ते कळत नाही. दोघांनाही निम्मं पटलं. निघायची वेळ पहाटे सहाची ठरली होती, ती साडेदहा केली.